आफ्रिकान्स माध्यमाच्या सरकारी माध्यमिक शाळेची भाषा कोणी ठरवावी?

हायवेल्डकर

दक्षिण आफ्रिकेतील म्पुमलांगा प्रांताच्या कोळसापट्ट्यात वीजकेंद्राच्या कामानिमित्त मी अकरा वर्षे राहिलो. आमच्या घराची मागची भिंत गावातल्या आफ्रिकान्स (डचमधून घडलेली तिथली भाषा) माध्यमाच्या सरकारी माध्यमिक शाळेच्या रग्बी मैदानाला लागून होती, त्यामुळे त्या शाळेचा दिवस मी अगदी जवळून पाहिला आहे. १३ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी शालेय कायद्याच्या दुरुस्तीवर स्वाक्षरी केली, आणि भाषा व प्रवेशासंबंधीची वादग्रस्त कलमे तीन महिने थांबवून ठेवल्यानंतर २० डिसेंबरला ती पूर्णपणे लागू झाली. या दुरुस्तीने शाळेच्या माध्यमाविषयीचा शेवटचा शब्द पालकांच्या नियामक मंडळाकडून काढून प्रांताच्या शिक्षणप्रमुखाकडे दिला. माझ्या मते ही चूक झाली आहे. का, ते सविस्तर लिहितो. ज्यांना पटणार नाही त्यांनी अवश्य उत्तर द्यावे.

या शाळांची गोष्ट १९०२ पासून सांगावी लागते. बोअर (डच वंशाचे तिथले शेतकरी) आणि ब्रिटिश यांच्यातल्या युद्धात ब्रिटिशांच्या छावण्यांमध्ये सुमारे २६ हजार बोअर स्त्रिया आणि मुले मरण पावली. युद्ध संपल्यावर ब्रिटिश प्रशासक लॉर्ड मिल्नर यांनी जिंकलेल्या दोन्ही बोअर प्रजासत्ताकांतील शाळा इंग्रजी केल्या, परदेशातून शिक्षक आणले आणि डच भाषेसाठी आठवड्यातले मोजके तास ठेवले. त्याला उत्तर म्हणून चर्चच्या पाठबळावर ‘ख्रिस्ती-राष्ट्रीय शिक्षण’ या नावाने लोकवर्गणीच्या शाळा निघाल्या. १९१४ मध्ये केप प्रांताच्या परिषदेत सी. जे. लांगनहोफेन यांनी प्राथमिक वर्गांत डचऐवजी आफ्रिकान्स वापरण्याची मुभा मिळवली. १९२० मध्ये प्रिटोरियात आफ्रिकान्स माध्यमाची माध्यमिक शाळा उघडली आणि १९२१ मध्ये जोहान्सबर्गला हेल्पमेकार ही शाळा निघाली. आफ्रिकान्सला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला तो १९२५ मध्ये, म्हणजे त्यानंतर. ज्या भाषेला सरकारी कागदावर जागा नव्हती, तिच्यात बीजगणित आणि रसायनशास्त्र शिकवण्याचे धाडस या शाळांनी आधी केले. (आपल्या क्रिकेटप्रेमींना ए. बी. डिव्हिलियर्स आणि फाफ डू प्लेसी ठाऊक आहेत. दोघेही प्रिटोरियातल्या त्याच शाळेच्या, १९३० मध्ये वेगळ्या झालेल्या, मुलांच्या विभागातले.)

आमच्या गावातल्या शाळेचे वसतिगृह हा तिचा कणा होता. हायवेल्डवरची, म्हणजे तिथल्या पठारावरची, शेते एकमेकांपासून इतकी दूर असतात की चाळीस-पन्नास किलोमीटरवरचे मूल रोज ये-जा करूच शकत नाही. रविवारी संध्याकाळी छोट्या मालमोटारींतून मुले गाद्या-उशा घेऊन उतरत आणि शुक्रवारी दुपारी परत जात. सोमवारी सकाळी सभागृहात बायबलमधला उतारा, प्रार्थना आणि शाळेचे गीत होत असे. वडीलधारे माणूस वर्गात आले की मुले उठून उभी राहत. शिक्षकाला ‘मनीर’ आणि शिक्षिकेला ‘युफ्राउ’ म्हणत. भिंतीवरच्या लाकडी फळ्यांवर सोनेरी अक्षरांत शाळाप्रमुख विद्यार्थ्यांची नावे होती, आणि एकाच आडनावाच्या तीन पिढ्या त्यांत सापडत. हिवाळ्यातल्या शनिवारी सकाळी आठला चौदा वर्षांखालच्या सर्वांत कच्च्या संघापासून सामने सुरू होत आणि दुपारी पहिला संघ मैदानात उतरेपर्यंत अर्धे गाव तिथे जमलेले असे. पालक निखाऱ्यांवर बूरवॉर्स (मांसाचे सॉसेज) भाजत, पॅनकेक आणि पाकातले कुकसिस्टर विकत, आणि त्या पैशातून शाळेच्या बसचे टायर बदलले जात. वसतिगृहात नव्या मुलांना छळण्याची जुनी रीतही होती. कायद्याने बंदी असूनही ती काही ठिकाणी टिकून आहे आणि तिचे मी मुळीच समर्थन करत नाही.

माझा मुद्दा असा आहे. त्या गावात बँक, दवाखाना, नगरपालिका आणि वीजकेंद्र सगळे इंग्रजीत चालत होते. आफ्रिकान्समध्ये विचार करून बारावीचे भौतिकशास्त्र सोडवता येईल अशी एकच जागा उरली होती. तिथे इंग्रजीची समांतर तुकडी आली की शिक्षकांच्या खोलीतली भाषा बदलते, मग सूचनाफलकाची आणि मग सभेची, कारण आफ्रिकान्स बोलणाऱ्या प्रत्येक मुलाला इंग्रजी येते आणि उलट तसे नसते. विद्यापीठांमध्ये हे घडून गेले आहे. फ्री स्टेट विद्यापीठाचा इंग्रजीकडे वळण्याचा निर्णय २०१७ मध्ये आणि स्टेलनबॉश विद्यापीठाचा २०१९ मध्ये संविधान न्यायालयाने मान्य केला, आणि प्रिटोरिया विद्यापीठाने २०१९ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी स्वीकारली. आता माध्यमिक शाळा हीच शेवटची पायरी आहे. त्या पायरीचा निर्णय, जे पालक शुल्क भरतात, शनिवारी मैदानावर राबतात आणि घरी ती भाषा बोलतात, त्यांच्याकडेच राहायला हवा.

गणितशिक्षिका

हायवेल्डकर, तुमचे वर्णन मनापासून केलेले आहे आणि त्यातला जिव्हाळा मला पोचला. मी सहा वर्षे सोवेटोमध्ये, जोहान्सबर्गजवळच्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, गणित शिकवले. तुम्ही भिंतीच्या आतून पाहिले. मला बाहेरून काय दिसले ते सांगते.

तुमच्या इतिहासात १९२५ नंतर थेट २०१७ येते. मधली वर्षे गाळून या शाळांवर मत बनवता येणार नाही. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आल्यावर हीच शाळा गोऱ्या राज्यकर्त्यांची रोपवाटिका झाली. तिला इमारत, प्रयोगशाळा, मैदान आणि तरणतलाव मिळाला, आणि १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीय मुलांसाठी मुद्दाम कमी दर्जाचे शिक्षण ठरवून दिले. गोऱ्या मुलांच्या शाळांत गणवेशातली लष्करी कवायत होती. मग १९७४ चा आदेश आला: कृष्णवर्णीयांच्या शाळांमध्ये गणित आणि सामाजिक शास्त्रे आफ्रिकान्समधून शिकवावीत. शिक्षकांनाच ती भाषा धड येत नव्हती. मे १९७६ मध्ये ऑर्लँडो वेस्टच्या मुलांनी वर्गांवर बहिष्कार टाकला आणि १६ जून रोजी हजारो मुले रस्त्यावर उतरली. पोलिसांच्या गोळीने मेलेल्या हेक्टर पीटरसनचे वय बारा होते. ज्या रस्त्यावरून ती मुले चालत गेली, त्याच रस्त्यावरून मी रोज शाळेत जात असे. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आज्या त्या दिवशी तिथे होत्या.

त्यामुळे ‘शुल्क भरणाऱ्या पालकांनीच भाषा ठरवावी’ हे वाक्य मला खटकते. नियामक मंडळाची निवडणूक कोण करते? ज्यांची मुले आधीच आत आहेत ते. ज्या मुलाला भाषेच्या कारणाने प्रवेश मिळाला नाही, त्याच्या आईला त्या मंडळात मत नसते आणि मिळण्याचा मार्गही नसतो. ही लोकशाही वर्तुळासारखी आहे. आतल्यांनी आतल्यांसाठी नियम करायचे आणि त्या नियमामुळे बाहेरचे कायम बाहेर राहायचे. शाळेची जमीन, इमारत आणि बहुतेक शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून येतात, आणि त्या तिजोरीत माझ्या विद्यार्थ्यांच्या आयाही प्रत्येक पावाच्या लादीमागे कर भरतात.

आणखी एक. छावण्यांतल्या मृत्यूंचा उल्लेख तुम्ही केला, तो योग्यच आहे. पण त्याच युद्धात कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या छावण्या होत्या आणि तिथे किमान १४ हजार माणसे मेली. त्यांच्या मुलांच्या वाट्याला कोणतीही लोकवर्गणीची शाळा आली नाही.

हायवेल्डकर

बाई, १९४८ ते १९९४ हा काळ मी गाळला हे खरे आहे आणि ती माझ्या मांडणीतली मोठी उणीव आहे. सोवेटोत जे घडले त्याची लाज वाटावी अशीच ती गोष्ट आहे आणि माझ्या शेजारच्या कुटुंबातले आजोबाही ती तशीच सांगत. पण १९७६ ची मागणी ‘आमच्यावर परकी भाषा लादू नका’ अशी होती. तेच तत्त्व आज एर्मेलोतल्या किंवा पार्लमधल्या आफ्रिकान्सभाषक मुलाला लागू होत नाही का?

गणितशिक्षिका

लागू होते. पण त्या मुलाचा हक्क आफ्रिकान्समधून शिकण्याचा आहे. रिकाम्या वर्गखोलीच्या दाराला कुलूप लावण्याचा तो हक्क नव्हे.

कलम_एकोणतीस

मी वकील आहे आणि तुलनात्मक संविधान कायदा हा माझा अभ्यासाचा विषय आहे. दोन्ही बाजूंनी एर्मेलोच्या शाळेच्या खटल्याचे नाव येणार हे दिसतेच आहे, तेव्हा त्याच्या निकालात काय आहे ते आधी स्पष्ट करतो.

दक्षिण आफ्रिकेच्या संविधानाचे कलम २९(२) सांगते की सरकारी शाळेत आपल्या पसंतीच्या अधिकृत भाषेतून शिकण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, जिथे ते वाजवीपणे शक्य असेल तिथे. हा हक्क कसा पुरवायचा हे ठरवताना शासनाने एकमाध्यमी शाळांसह सर्व पर्यायांचा विचार करायचा आहे आणि तो तीन कसोट्यांवर घासायचा आहे: समन्याय, व्यवहार्यता आणि वंशभेदी कायद्यांनी केलेल्या अन्यायाचे परिमार्जन. म्हणजे एकमाध्यमी शाळा घटनाबाह्य नाही, तिचा उल्लेख संविधानातच आहे. मात्र तिला हमीही दिलेली नाही. १९९६ च्या शाळा कायद्याने भाषाधोरण ठरवण्याचे काम नियामक मंडळाकडे सोपवले.

२००७ च्या सुरुवातीला एर्मेलो या गावात आठवीत प्रवेश हवा असलेली ११३ मुले जागेविना राहिली. त्यांना इंग्रजी माध्यम हवे होते. गावातल्या आफ्रिकान्स माध्यमिक शाळेचा पट घटत चालला होता आणि तिथे वर्गखोल्या होत्या, पण मंडळाने माध्यम बदलण्यास नकार दिला. मुलांचे वर्ग वापरात नसलेल्या एका धुलाईघरात भरले. प्रांताच्या शिक्षणप्रमुखाने मंडळाचा अधिकार काढून घेऊन हंगामी समिती नेमली आणि तिने रातोरात शाळा समांतर माध्यमाची केली. १४ ऑक्टोबर २००९ रोजी संविधान न्यायालयाने, उपसरन्यायाधीश डिकगांग मोसेनेके यांच्या लेखणीतून, दोन्ही पक्षांना चुकीचे ठरवले. हंगामी समितीची नेमणूक बेकायदा होती, कारण कायद्याने घालून दिलेली पद्धत पाळली गेली नव्हती. त्याच वेळी मंडळाला सांगितले गेले की ते केवळ आजच्या विद्यार्थ्यांचे विश्वस्त नाही. भोवतालच्या समाजाच्या गरजा लक्षात घेऊनच त्याने धोरण आखले पाहिजे. न्यायालयाने मंडळाला धोरणाचा फेरविचार करून अहवाल देण्यास सांगितले, आणि शिक्षणखात्याला गावातल्या जागांचा हिशेब मांडायला लावले.

म्हणून माझे मत दोघांपेक्षा वेगळे आहे. २००९ नंतर कायदा समतोल होता. वाजवी कारण असेल तर शिक्षणप्रमुख मंडळाचा अधिकार काढू शकत होता, पण कारण सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर होती. २०२४ च्या दुरुस्तीने हा क्रम उलटा केला: आता मंडळाने धोरण मंजुरीसाठी पाठवायचे आणि प्रमुखाने ते मान्य करायचे किंवा परत धाडायचे. सल्लामसलतीची आणि अपिलाची सोय आहे हे खरे, पण ज्याने शाळा बांधल्या नाहीत त्यालाच जागांच्या टंचाईचे कारण देऊन निर्णय फिरवता येतो, हे मला धोक्याचे वाटते. २०१८ मध्ये फेरेनिगिंगजवळच्या ओव्हरवाल शाळेत ५५ इंग्रजी विद्यार्थ्यांना सामावून घेण्याचा आदेश गौटेंग प्रांताच्या शिक्षणखात्याने दिला होता. शेजारच्या दोन इंग्रजी शाळांमध्ये जागा आहे असे उच्च न्यायालयात निष्पन्न झाले आणि आदेश रद्द झाला. त्या वर्षी जुलैमध्ये संविधान न्यायालयानेही खात्याचा अर्ज फेटाळला. दरम्यान शाळेबाहेर हिंसक निदर्शने झाली आणि पहिल्याच दिवशी मुले पोलिसांच्या कड्यातून शाळेत गेली. हिशेब आधी नीट मांडला असता तर हे टळले असते.

दर्यावर्दी

या सगळ्या चर्चेत आफ्रिकान्स म्हणजे गोऱ्यांची भाषा असे गृहीत धरले जात आहे, म्हणून लिहायला बसलो.

माझे गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ बोटीने केप टाउनला गेले आणि तिथे त्यांनी किराण्याचे दुकान टाकले. केपमध्ये कोकणी मुसलमानांची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून आहे, आणि त्यांच्यापैकी अनेकांची दुकाने केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीत होती. गिऱ्हाईक आफ्रिकान्स बोलणारे, म्हणून दुकानदारही आफ्रिकान्स शिकला. आमच्या घरी येणाऱ्या पत्रांत कोकणी बोली, उर्दू आणि मधूनच आफ्रिकान्स शब्द असत. १९६६ मध्ये ती वस्ती ‘फक्त गोऱ्यांसाठी’ जाहीर झाली आणि पुढे बुलडोझरखाली गेली. तिथून हाकलली गेलेली बहुसंख्य माणसे आफ्रिकान्सच बोलत होती. त्यांना हाकलणारे सरकारही त्याच भाषेत आदेश काढत होते.

२०११ च्या जनगणनेत आफ्रिकान्स मातृभाषा सांगणारे सुमारे ६९ लाख लोक होते. त्यांच्यातले निम्मे ‘कलर्ड’ म्हणून नोंदले गेलेले मिश्रवंशीय होते आणि गोरे सुमारे चाळीस टक्के. भाषेचा जन्मच मुळी डच मळेवाले, मलाया-इंडोनेशिया, बंगाल आणि मलबारातून आणलेले गुलाम आणि केपचे मूळ रहिवासी खोइखोइ यांच्या एकत्र जगण्यातून झाला. ‘पुष्कळ’ या अर्थाचा ‘बाया’, केळ्यासाठीचा ‘पिसांग’ हे शब्द मलायमधून आले, आणि लोणच्याला तिथे आजही ‘आचार’ म्हणतात. केपच्या मदरशांत मुले ही भाषा अरबी लिपीत लिहीत. अबू बकर एफेंदी यांचा आफ्रिकान्समधील धर्मविषयक ग्रंथ अरबी लिपीत १८७७ मध्ये इस्तंबूलला छापला गेला. प्रिटोरियाची शाळा त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी उघडली. पार्लमध्ये १८७५ साली ‘अस्सल आफ्रिकानरांची संघटना’ स्थापन झाली, त्यामागे प्रेरणा होती अर्नोल्डस पनेविस या शिक्षकाची. ते पार्ल जिम्नेशियममध्ये शिकवत आणि बायबल आफ्रिकान्समध्ये यावे ही त्यांची तळमळ होती, ती डच न समजणाऱ्या मिश्रवंशीय ख्रिस्ती लोकांसाठी. संघटनेने त्याच भाषेतून पुढे गोऱ्या राष्ट्रवादाची उभारणी केली.

हायवेल्डकर, तुम्ही ज्या शाळेचे वर्णन केले आहे ती एक प्रकारची आफ्रिकान्स शाळा आहे. केप फ्लॅट्सवर, नामाक्वालँडमध्ये, कारूतल्या गावांत आफ्रिकान्स माध्यमाच्या कितीतरी सरकारी शाळा आहेत, जिथे रग्बीचे मैदान म्हणजे खडीचा तुकडा असतो आणि टोळ्यांचा गोळीबार सुरू झाला की मुलांना बाकांखाली झोपावे लागते. तिथल्या मुलाची बोली काप्स, म्हणजे केपची आफ्रिकान्स, आहे. घरी ती बोलून आलेल्या मुलाच्या निबंधावर लाल शाईने खुणा होतात, कारण पाठ्यपुस्तकाची भाषा प्रिटोरियाच्या घडणीची आहे. काप्सचा त्रैभाषिक शब्दकोश करण्याचा प्रकल्प २०२१ मध्ये सुरू झाला, इतका उशिरा. या शाळांचे माध्यम वाचवण्यासाठी कोणी न्यायालयात गेल्याचे मी ऐकलेले नाही. त्यांना धोका वेगळाच आहे: जमेल त्या प्रत्येक पालकाला मूल इंग्रजी वर्गात घालायचे आहे, कारण आफ्रिकान्सने त्याला स्वतःला काहीच दिले नाही. भाषा टिकवायची कळकळ खरी असेल तर ती इथे दिसायला हवी.

परिभाषाप्रेमी

दर्यावर्दींचा प्रतिसाद वाचून माझ्या अनेक समजुतींना धक्का बसला, त्यांचे आभार. तरीही मी मूळ लेखकाच्या बाजूने एक गोष्ट मांडतो, कारण ती इथे कोणी मांडलेली नाही.

‘स्वयंपाकघरातली भाषा’ म्हणून हिणवली गेलेली एक बोली पन्नास वर्षांच्या आत भौतिकशास्त्राची भाषा झाली, याचे नवल आपण पुरेसे केलेले नाही. १९०९ मध्ये भाषेची अकादमी स्थापन झाली, १९१७ मध्ये तिने शुद्धलेखनाचे नियम आणि शब्दसूची काढली, १९२६ मध्ये मोठ्या शब्दकोशाचे काम सुरू झाले, १९३३ मध्ये संपूर्ण बायबल आले. पण अकादमीच्या कपाटातली परिभाषा कपाटातच राहते. ती जिवंत झाली ती माध्यमिक शाळेच्या फळ्यावर, कारण तिथे शिक्षकाला दरवर्षी ‘प्रवेग’, ‘संयुजा’, ‘प्रकाशसंश्लेषण’ यांसाठी शब्द उच्चारावा लागे, मुलाला तो परीक्षेत लिहावा लागे आणि पुढच्या वर्षी त्याच मुलाच्या धाकट्या भावालाही. बहुतेक विद्यापीठांतले वर्ग बंद झाल्यावर या साखळीचा हा एकच दुवा शिल्लक आहे. तो तुटला तर शब्दकोश उरेल आणि शब्द मरतील.

बारावीची परीक्षा इंग्रजीखेरीज ज्या भाषेतून देता येते अशी आफ्रिकान्स ही एकच देशी भाषा राहिली आहे. झुलू किंवा सोथो मुलाला गणिताचा पेपर मातृभाषेत मिळत नाही, हा अन्याय आहे. पण आफ्रिकान्स वर्ग बंद झाल्याने झुलू वर्ग उघडत नाही. उघडतो तो इंग्रजी वर्ग.

गणितशिक्षिका

परिभाषाप्रेमी, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत आहे आणि तो माझ्या मनातला सल आहे. माझ्या वर्गात ‘गुणोत्तर’ समजावताना मी इंग्रजीत बोलत असे, मागच्या बाकावरची एक मुलगी ते झुलूत शेजारणीला सांगत असे, आणि दोघींना परीक्षेत पुन्हा इंग्रजीत लिहावे लागे. नेव्हिल अलेक्झांडर यांनी रॉबेन बेटावर दहा वर्षे कैद भोगली आणि बाहेर आल्यावर उरलेले आयुष्य मातृभाषेवर आधारित द्विभाषिक शिक्षणासाठी वेचले. सर्व आफ्रिकी भाषांना आफ्रिकान्ससारखी चढाई करता यावी, ही त्यांची मागणी होती. ईस्टर्न केपमध्ये खोसा माध्यमातून गणित-विज्ञान चौथीच्या पुढे नेण्याचे काम २०१२ पासून चालू आहे.

पण आफ्रिकान्सची ही चढाई कशावर झाली हेही पाहा. राज्याची सत्ता, छापखान्यांची कंत्राटे, शिक्षक घडवणारी महाविद्यालये आणि गोऱ्यांपुरती राखीव तिजोरी हे सगळे हाताशी होते. तुम्ही ज्याला नवल म्हणता त्याचा खर्च इतरांच्या मुलांनी सोसला आहे. त्या संपत्तीतला वाटा आता त्यांना देणे हे भाषेवरचे आक्रमण ठरत नाही.

इंग्रजी तुकडी आली की आफ्रिकान्स मरते, हा मूळ लेखातला दावाही मला सिद्ध वाटत नाही. ब्लूमफॉन्टेनचे ग्रे कॉलेज (ही शाळाच) १८५५ पासून आहे आणि आज ते दोन्ही भाषांतून चालते. तिथे आफ्रिकान्स कोपऱ्यात गेलेली नाही. अर्न्स्ट मल्हर्ब या आफ्रिकानर शिक्षणतज्ज्ञाने १९३८ मध्ये हजारो विद्यार्थ्यांची पाहणी केली होती. द्विभाषिक शाळांतली मुले अभ्यासात मागे पडत नाहीत आणि एकमेकांविषयी त्यांच्या मनात कमी कडवटपणा असतो, असे त्यांना आढळले. तेव्हाचे पंतप्रधान स्मट्स यांचे सरकार पुढे त्या दिशेने जात होते. १९४८ नंतर ट्रान्सवाल प्रांतात मुलाचे माध्यम घरच्या भाषेवरून सक्तीने ठरवले जाऊ लागले आणि मूल मिश्र शाळेत घालू इच्छिणाऱ्या पालकांचे काही चालेना. आज ‘पालकांचा निर्णय’ म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये की एकमाध्यमी शाळा पसरली ती पालकांची निवड काढून घेऊन.

हायवेल्डकर

मल्हर्ब यांची पाहणी मला ठाऊक नव्हती आणि १९४८ नंतरच्या सक्तीचा मुद्दा माझ्या युक्तिवादाच्या मुळाशी जातो, हे मान्य करतो. दर्यावर्दींनी लिहिले त्यावर दोन दिवस विचार केला. आमच्या गावाच्या दुसऱ्या टोकाला मिश्रवंशीयांची जुनी वस्ती होती आणि तिथली मुलेही आफ्रिकान्सच बोलत. अकरा वर्षांत शनिवारच्या सामन्यांना मी त्यांच्यातली फार थोडी मुले पाहिली. शाळेचे शुल्क त्यांच्या घरांना झेपत नव्हते. शुल्कमाफीची तरतूद कायद्यात आहे, पण ती मागायला जाण्याचे बळ सगळ्यांत नसते, आणि शाळेनेही त्यांच्या दारी जाऊन बोलावले नाही. भाषेसाठीची शाळा म्हणायची आणि त्याच भाषेची शेजारची मुले बाहेर राहायची, हे मी डोळ्यांसमोर असून पाहिले नव्हते.

म्हणून माझी भूमिका बदलून मांडतो. गावात एकाच शाळेत रिकाम्या खोल्या असतील आणि मुले धुलाईघरात बसत असतील, तर मंडळाचा शब्द शेवटचा असू नये. पण शिक्षणप्रमुखाचाही नसावा, जोवर परिसरातील प्रत्येक शाळेतल्या जागा, वर्ग आणि अंतरे यांचा तक्ता त्याने जाहीर केलेला नाही आणि पालकांना, आतल्या तसेच बाहेरच्या, त्यावर बोलण्याची संधी मिळालेली नाही. आणि तुकडी वाढवायची असेल तर तिच्या शिक्षकांचे पगार खात्याने पहिल्या दिवसापासून द्यावेत. आमच्या शाळेत सरकारी पदे पुरत नसल्यामुळे कितीतरी शिक्षकांचे पगार पालकांच्या शुल्कातून निघत. पदे न देता दुसरे माध्यम उघडले की भौतिकशास्त्राचा एकच शिक्षक सकाळी एका भाषेत आणि दुपारी दुसऱ्या भाषेत शिकवतो, आणि दमलेला माणूस लवकरच दोन्ही वर्गांना सोपी पडेल ती एकच भाषा वापरू लागतो. माझी भीती होती ती याची.

कलम_एकोणतीस

जागांचा जाहीर तक्ता ही मागणी न्यायालयाच्या २००९ च्या आदेशाला धरूनच आहे, आणि दुरुस्तीखालच्या नियमांत तिचा समावेश करता येईल. पदांच्या बाबतीत मात्र प्रांतांच्या अंदाजपत्रकांकडे पाहता मी आशावादी नाही.

गणितशिक्षिका

तक्त्यात वसतिगृहातल्या खाटाही धरल्या जाव्यात. मजुरांची कितीतरी मुलेही दूरच्या शेतांवर राहतात आणि पहाटे अंधारात चालायला लागतात. ज्या वसतिगृहात शेतमालकाचा मुलगा सोमवार ते शुक्रवार राहतो, तिथे मजुराच्या मुलीला खाट मिळाली तर ती कोणत्या भाषेत शिकेल हे तिलाच विचारता येईल. हायवेल्डवरच्या मजुरांच्या पुष्कळ मुलांना शेतावर राहून आफ्रिकान्स बऱ्यापैकी येते. त्यांतली काही जणी तीच भाषा निवडतील, असे मला वाटते.